सहीचं वजन

"या पेनांची टोपणं कुठायत?"

"ते जुन्या मॅडमना विचारायला हवं होतं," विक्रीप्रमुख म्हणाले. "आणि त्या तर मागच्या महिन्यात नोकरी सोडून गेल्या."

दशांशबाई कपाटासमोर उकिडवी बसली होती. कपाट प्रदर्शनांच्या सामानाचं होतं आणि आज सकाळी साडेनऊपासून ते तिचं होतं. आत बिनटोपणांची शेकडो पेनं होती, गुंडाळी सुटलेले फलक होते, धूळ बसलेली प्लास्टिकची फुलं होती आणि सगळ्यात खाली एक जाडजूड पुस्तिका होती, वेष्टनातून बाहेरसुद्धा न काढलेली.

"ही कसली?"

"आयोजक पाठवतात. नियम, नकाशे, असलं काहीतरी. कुणी वाचत नाही."

तिने वेष्टन फाडलं. शहाऐंशी पानं होती. मध्येच एक पान उघडलं, तर तिथे हॉलच्या जमिनीची जाडी दिलेली होती, दर चौरस मीटरला किती भार चालेल ते होतं, आणि पुढच्या पानावर हवा कुठून आत येते आणि कुठून बाहेर जाते याचा नकाशा होता. तिने पुस्तिका मिटली आणि छातीशी धरली. कुणी ती काढून घेईल असं नव्हतं, तरी.

कंपनी वजनकाटे बनवायची. पोती मोजणाऱ्या काट्यांपासून औषधाच्या कारखान्यात लागणाऱ्या नाजूक काट्यांपर्यंत. दशांशबाईने त्यातल्या तपासणीच्या खोलीत अठरा वर्षं काढली होती. कारखान्यातून बाहेर जाणारा प्रत्येक नाजूक काटा आधी तिच्या टेबलावर यायचा. माहीत असलेलं वजन त्यावर ठेवायचं, आकडा लिहायचा, वजन उचलायचं, पुन्हा ठेवायचं. असं दहा वेळा. एकदा कॅन्टीनमध्ये कुणीतरी तिला विचारलं होतं, चहात साखर किती घालू, आणि ती विचार न करता म्हणाली होती, "चार पूर्णांक दोन दशांश ग्रॅम." त्या दिवसापासून शिपायापासून मालकापर्यंत सगळे तिला दशांशबाई म्हणत.

मागच्या महिन्यात ती खोली बंद झाली. कंपनीच्या दुसऱ्या कारखान्यात यंत्र आलं. ते न थकता, न जेवता काटे तपासतं. खोलीतले दोघे घरी गेले. तिसरी ही. नेमकी प्रदर्शनांचं बघणारी जागा रिकामी झाली होती, म्हणून तिला तिथे बसवलं.

विक्रीप्रमुखांनी एका पेनाला दुसऱ्याचं टोपण लावून पाहिलं. बसलं नाही. "स्पष्टच सांगतो बाई. तीन महिन्यांनी मोठं प्रदर्शन आहे. ते जमलं तर ही खुर्ची तुमची. नाही जमलं तर तुम्हाला परत पाठवायला आता खोली आहे कुठे?"

हे ते वाईट हेतूने बोलले नव्हते. तिला घाबरायला हवं होतं. पण तिला लागली ती भूक. अठरा वर्षांत पहिल्यांदा तिने बारा वाजायच्या आत डबा उघडला आणि पुस्तिका वाचत वाचत संपवला.

*

"म्हणजे बाजारात बसणार तू," सासूबाई म्हणाल्या.

"प्रदर्शन असतं, आई."

"तेच ते. वर छप्पर आणि दारात पास." सासूबाई शेंगा सोलत होत्या. त्यांनी एकतीस वर्षं एका कापडदुकानात गिऱ्हाइकं सांभाळली होती आणि अजूनही कुणी घरात आलं की त्याच्या अंगावरच्या कापडाला हात लावून बघायच्या. "तुला जमेल का पण? तू बोलतेस तेव्हा माणसाला वाटतं, औषधाच्या बाटलीवरचं वाचून दाखवतेय."

"बोलायला विक्रीची माणसं आहेत. माझं काम सगळं जागच्या जागी असण्याचं."

"मग ठीक." त्यांनी दोन शेंगा सोलल्या. "तरी एक ऐकून ठेव. गिऱ्हाईक वस्तू बघायला येत नाही. ते स्वतःला बघायला येतं. मी कापड ताग्यावर कधी दाखवलं नाही. पहिल्यांदा खांद्यावर टाकायचं, मग आरशापुढे उभं करायचं. आपण गप्प."

दशांशबाई मान हलवून पुस्तिकेत परत गेली. सासूबाईंनी सुस्कारा सोडला. "बघा. पोरगी परीक्षेला बसल्यासारखी बसलीय. वय वर्षं शेहेचाळीस."

पुढचे अडीच महिने तिला आठवडा कधी संपतो ते कळत नव्हतं. सुताराशी बोलायचं, गाडीवाल्याशी बोलायचं, विजेचा अर्ज, पाण्याचा अर्ज, पासांसाठी फोटो. आयोजकांच्या कार्यालयातली मुलगी तिचा फोन आला की हसायलाच लागायची. "बोला मॅडम, आज काय? खांबाचा पाया?"

"हो. तोच विचारायचा होता."

"इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नाही हो."

जुन्या प्रदर्शनांचे फोटो तिने ओळीने लावून पाहिले. कंपनीचा सगळ्यात नाजूक काटा प्रत्येक फोटोत होता. ग्रॅमचे एक लाख भाग केले तर त्यातला एक भागही दाखवणारा. काचेच्या पेटीत, खाली निळी मखमल. आणि प्रत्येक फोटोत त्याची आकड्यांची पट्टी काळी. बंद.

"चालू का करत नाही?" तिने विक्रीप्रमुखांना विचारलं.

"चालू केला की आकडे नाचतात. बाजूनं माणूस गेला तरी नाचतात. लोक हसतात." ते खांदे उडवून म्हणाले, "बंद काट्याला कुणी हसत नाही."

ते वाक्य तिला दोन दिवस खुपत राहिलं. तिसऱ्या दिवशी तिने ठरवलं की या वेळी काटा चालू असेल. त्याच्यासाठी तिने दगडी टेबल मागवलं. आणि हॉलचा नकाशा पट्टी-पेन्सिल घेऊन जेवणाच्या टेबलावर पसरला. दारातून येणारा वारा, छतातून येणारी हवा, जनित्राची धडधड, माणसांची ये-जा. या सगळ्यांपासून लांब असलेली एकच जागा होती, मागच्या जाड खांबाला लागून. तिच्याभोवती तिने गोल काढला आणि त्याच दिवशी ती जागा नक्की करून टाकली. आयोजकांकडची मुलगी म्हणाली, "नक्की का मॅडम?" तिला वाटलं, ही जागेचं कौतुकच करतेय.

*

"ताई, ही जागा कुणी निवडली?" सुताराने विचारलं. त्याच्या कानावर पेन्सिल होती आणि तोंडात दोन खिळे.

"मी."

"कुणावर राग होता का?"

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशीची दुपार होती. हॉलमध्ये शंभर ठिकाणी ठोकाठोक चालली होती, गालिच्यांचे गठ्ठे उलगडत होते, ताज्या रंगाचा आणि करवतीच्या भुशाचा वास होता. तिला तो वास फार आवडला. गळ्यात निळ्या फितीला लटकलेलं कार्ड होतं, त्यावर तिचा फोटो आणि खाली ‘समन्वयक’. सकाळपासून ती ते उलटं झालं की सुलटं करत होती.

"का, काय झालं?"

सुताराने हातोडीने दाखवलं. तिच्या जागेसमोर एक भिंत होती. भिंतीवर बाण होता. बाणाखाली लिहिलं होतं, स्वच्छतागृह.

"इथं माणूस दोनच कारणांनी येणार," सुतार म्हणाला. "एक तर ते. नाहीतर वाट चुकला म्हणून."

तेवढ्यात विक्रीप्रमुख येऊन पोचले. त्यांनी पुढे पाहिलं, मागे पाहिलं, हातातल्या नकाशात पाहिलं. "बाई, आपण कुठे आलोय?"

"हॉलमधली सगळ्यात स्थिर जागा आहे ही," ती उत्साहाने म्हणाली. "खांबाचा पाया वेगळा आहे, हवा नाही, जनित्र लांब आहे. मी सगळं मोजलंय."

"ते ठीक. पण लोक कुठायत?"

"लोक नाहीत म्हणून तर…"

वाक्य निम्म्यावर आलं तेव्हा तिला ते ऐकू आलं. सुताराने मान खाली घालून एक खिळा ठोकला, तो ठोकायची गरज नव्हती तरी.

विक्रीप्रमुख ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "गेल्या वर्षी आपण दोनशे बारा लोकांची कार्डं गोळा केली होती. तेव्हा आपली जागा दारासमोर होती." मग नकाशाची घडी घालत म्हणाले, "अठरा वर्षं माणसं लांब ठेवायचं काम केलंत तुम्ही. चूक तुमची नाही, माझीच म्हणायची."

हे शेवटचं तिला सगळ्यात जास्त लागलं.

*

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत सात माणसं आली. त्यातल्या पाच जणांनी स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारलं, बाण असूनही. तिने प्रत्येकाला सांगितलं, "बावीस पावलं सरळ, मग डावीकडे." सहावा पंखे विकायला आला होता. सातवा मित्राची वाट बघत थांबलेला, पोट सुटलेला, हसऱ्या चेहऱ्याचा गृहस्थ होता. विक्रीप्रमुख चहा प्यायला निघून गेले होते.

काटा मात्र चालू होता. दगडी टेबलावर, काचेच्या दारांआड. पाच शून्यं, एकदम स्तब्ध. जगात त्याच्याइतकं सुंदर काही नव्हतं आणि ते बघायला कुणीही नव्हतं.

गृहस्थाने वेळ जावा म्हणून भेटवहीत नाव लिहिलं आणि खाली सही केली. मोठी, वळणावळणाची. सही करून झाल्यावर तो त्या सहीकडे मान तिरकी करून बघत राहिला, जशी माणसं आरशात बघतात.

दशांशबाई उठून उभी राहिली.

"एक मिनिट. तुमची सही अजून एकदा कराल? या चिठ्ठीवर?"

"हे बघा, मी काही घेणार नाहीये."

"घेऊ नका. वजन करू तिचं."

"कुणाचं?"

"सहीचं."

तिने कागदाची छोटी चिठ्ठी चिमट्यात धरून काट्यावर ठेवली, दार लावलं, आकडा स्थिर होऊ दिला आणि बटण दाबून शून्यावर आणला. चिठ्ठी बाहेर काढून काचेवर ठेवली. "हात लावू नका, बोटाचा घाम पण मोजतो हा. नुसती सही करा." त्याने जेलपेनने सही केली. तिने चिठ्ठी पुन्हा आत ठेवली. दोघं वाकून बघत राहिले.

एक्केचाळीस.

"म्हणजे काय?"

"ग्रॅमचे एक लाख भाग केले, तर त्यातले एक्केचाळीस. दोन-तीन इकडेतिकडे."

"माझी सही?" त्याचे डोळे मोठे झाले. "अहो, पण चाळीस झाले! एकोणचाळीस! कमी का होतंय?"

"शाई वाळतेय. तिच्यातलं पाणी उडून चाललंय, ते दिसतंय तुम्हाला."

गृहस्थ आकड्याच्या आणखी जवळ वाकला. मग भिंतीकडे वळून मोठ्यांदा ओरडला, "अरे ए! हात नंतर पूस, आधी इकडे ये! माझी सही वाळताना बघ!"

मित्र आला. मित्राची सही भरली सव्वीस. "बघ, म्हणून तुझं कुणी ऐकत नाही," पहिला म्हणाला. ते दोघं गेले आणि दहा मिनिटांनी आणखी चौघांना घेऊन आले.

मग तिला बसवेना. सुतार शेजारच्या स्टॉलचं दार दुरुस्त करत होता. तिने त्याच्याकडून एक फळी मागून घेतली. सुताराने जाड कुंचल्याने त्यावर लिहून दिलं : तुमच्या सहीचं वजन किती? "अक्षर बरं आहे ना?" त्याने विचारलं. ‘वजन’मधला ‘व’ जरा मोठाच झाला होता. ती म्हणाली, "उत्तम आहे."

फळी घेऊन ती हॉलच्या मधल्या चौकात गेली. माणसांचे लोंढे चारी बाजूंनी वाहत होते. तिने तोंड उघडलं आणि आवाज आला तो जेमतेम तिलाच ऐकू जाण्याइतका. एका बाईने सहानुभूतीने विचारलं, "पाणी हवंय का?" दुसऱ्यांदा आवाज थोडा वर चढला. तिसऱ्यांदा तो इतका मोठा आला की ती स्वतःच दचकली. "सहीचं वजन करून बघा! सरळ जा, खांबाजवळ! स्वच्छतागृहाचा बाण धरून जा!"

लोक हसले. पण वळले. तिचे कान तापले होते, पाय दुखत होते आणि आपण किती वेळ हसतोय हे तिला कळलंच नाही. गाल अवघडले तेव्हा कळलं.

विक्रीप्रमुख चहा पिऊन परतले तर स्टॉलपुढे रांग. ते रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले आणि पुढच्याला म्हणाले, "काय आहे हो इथे?"

*

दुसऱ्या दिवशी रांग भिंतीला वळसा घालून गेली. आता नवीनच अडचण आली. इतकी माणसं उभी राहिली की काटा नाचायला लागला. दशांशबाईने जमिनीवर पांढरी पट्टी चिकटवली आणि सांगितलं, पट्टीच्या मागे राहायचं, आणि ज्याची सही काट्यावर आहे त्याच्यासाठी आठ सेकंद सगळ्यांनी जागच्या जागी उभं राहायचं. तिला वाटलं होतं, लोक वैतागतील. लोकांना तेच आवडलं. "हलू नका, हलू नका, साहेबांची सही आहे!" असं मागचे पुढच्यांना दटावायचे. एका आजोबांनी तर शिंक आली तरी नाक दाबून धरलं. आठ सेकंद संपले की सगळे एकदम श्वास सोडायचे आणि हसायचे.

विक्रीप्रमुखांनीही सही केली. त्यांची सही म्हणजे आधी एक गाठ, मग शेपूट, मग शेपटाखाली दोन रेघा आणि दोन टिंबं. भरली एकशे अठरा. सबंध प्रदर्शनातली सगळ्यात जड.

"वजनदार माणूस," रांगेतून कुणीतरी म्हणालं.

"निम्मी शाईच नुसती वाया," ते म्हणाले, पण चिठ्ठी त्यांनी खिशात ठेवली. दुपारी कार्डं मोजली तेव्हा तीनशे चाळीस झाली होती. त्यांनी तिच्यासाठी स्वतः चहा आणला. त्यात साखर किती आहे ते तिने विचारलं नाही.

चारच्या सुमाराला एक बाई आल्या. करडे केस, साधा सुती पेहराव, खांद्याला जड पिशवी. रांगेत उभ्या राहिल्या नाहीत. बाजूला उभं राहून दहा मिनिटं नुसता आकडा बघत होत्या. विक्रीप्रमुखांनी त्यांच्या गळ्यातलं कार्ड वाचलं आणि त्यांचा चेहराच बदलला. दशांशबाईच्या कानाशी येऊन ते पुटपुटले, "औषधाच्या कंपनीच्या आहेत. अकरा प्रयोगशाळा आहेत यांच्या. सगळ्यांचे काटे याच ठरवतात. मी चार वर्षं यांच्या मागे आहे."

बाई पुढे आल्या. "इथे याच्या आकड्यात फरक किती पडतोय?"

"काहीच नाही, मॅडम," विक्रीप्रमुख म्हणाले. "शून्य."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. दशांशबाईकडे पाहिलं. तिने अठरा वर्षं या प्रश्नाचं खरं उत्तर रोज लिहिलं होतं. दुसरं कुठलं उत्तर तिला येत नव्हतं.

"आज सकाळी, लोक यायच्या आधी, शेवटच्या आकड्यात दोन इकडेतिकडे होता," ती म्हणाली. "आत्ता पाच-सहा. एवढी माणसं आहेत ना. हॉल रिकामा असेल तर तीनच्या आत राहील. शून्य नाही."

बाईंनी मान हलवली. कार्ड न देता त्या निघून गेल्या.

विक्रीप्रमुखांनी रांग संपेपर्यंत वाट पाहिली. मग हळू आवाजात म्हणाले, "तीनशे चाळीस कार्डं आहेत, बाई. त्यातले तीनशे तीस सही मोजायला आलेले. नुसती जत्रा. मोठ्या घेणाऱ्या त्या एकट्या होत्या."

"पण फरक होता."

"फरक प्रत्येक काट्याला असतो! तो आपण होऊन कुणी सांगतं का?" त्यांनी कपाळ चोळलं. "कारखान्यात परत गेल्यावर बोलू आपण."

घरी गेल्यावर सासूबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. फक्त म्हणाल्या, "उद्या आहे ना अजून? मग जेव."

*

तिसऱ्या दिवशी तिचा आवाज पूर्ण बसला होता. तरी ती फळी घेऊन चौकात गेली. आता ओरडायची गरज नव्हती, लोक फळी बघूनच वळत होते. काल येऊन गेलेले घरच्यांना घेऊन आले होते. एका नवऱ्या-बायकोची सही अगदी सारखी भरली, तेहेतीस आणि तेहेतीस, तर बायको म्हणाली, "याला म्हणतात संसार," आणि नवरा म्हणाला, "दोन-तीन इकडेतिकडे असतं, ऐकलं नाहीस का?" दशांशबाई इतकी हसली की तिला चिमटा खाली ठेवावा लागला. हे काम आपल्याला येतं, असं तिला त्या क्षणी वाटून गेलं. आणि लगेच त्याच्यामागोमाग, परत गेल्यावर बोलू, हे आठवलं.

पाच वाजता भोंग्यावरून सांगितलं की प्रदर्शन संपलं आहे, वीज साडेपाचला बंद होईल. माणसं ओसरली आणि सगळीकडून हातोड्या सुरू झाल्या. तीन दिवसांचं शहर अर्ध्या तासात उकलायला लागलं. गालिचे गुंडाळले जात होते, फळ्या धडाधड पडत होत्या. सुतार आपली चार माणसं घेऊन त्यांच्या ओळीत आला आणि शेजारच्या स्टॉलपासून त्याने सुरुवात केली.

विक्रीप्रमुख कार्डं खोक्यात भरत होते. दशांशबाईने काट्याच्या बटणावर बोट ठेवलं.

"बंद करू नका."

करड्या केसांच्या बाई उभ्या होत्या. त्यांनी पिशवीतून बोटभर लांबीची लाकडी डबी काढली आणि उघडली. आत मखमलीच्या खाचेत एक छोटं, चकचकीत वजन होतं. दशांशबाईला ते काय आहे ते सांगावं लागलं नाही. प्रमाणित वजन, ज्याचा आकडा पाचव्या घरापर्यंत कागदावर लिहिलेला असतो. कागद बाईंच्या हातात होता, घडी घातलेला. त्यांनी तो उघडला नाही.

"काल म्हणालात, हॉल रिकामा असेल तर तीनच्या आत."

"हो." आवाज नुसती हवा होता.

"झाला रिकामा."

विक्रीप्रमुख खोकं हातात धरून तसेच थांबले.

बाईंनी स्वतःच्या चिमट्याने वजन उचललं. काट्याशी वाकताना त्यांनी तोंड बाजूला वळवलं, श्वास पारड्यावर पडू नये म्हणून. त्याच वेळी दशांशबाईनेही आपलं तोंड दुसरीकडे वळवलं होतं. दोघींना ते कळलं. दार लागलं.

शेजारी हातोडी पडली आणि आकडा उसळला. पुन्हा पडली, पुन्हा उसळला. शेवटची घरं सतरा, चार, एकतीस, नऊ. पलीकडे कुणीतरी अख्खी भिंत पाडली. पाच वाजून वीस मिनिटं झाली होती.

दशांशबाईने ओरडायचा प्रयत्न केला. घशातून काहीच आलं नाही. मग ती पट्टीच्या पलीकडे गेली, ओळीच्या मधोमध उभी राहिली आणि तिने उजवा हात वर केला. पंजा उघडा, सरळ.

सुताराने तिला पाहिलं. तिच्यामागचा दिवा लागलेला काटा पाहिला. त्याने तोंडातले खिळे काढले.

"ए! थांबा! सगळे थांबा! ताईंचं वजन चाललंय!"

"कुणाचं वजन?" लांबून कुणीतरी विचारलं.

"गप रे! हलू नकोस!"

त्याची चार माणसं थांबली. पुढच्या स्टॉलवरचे थांबले. त्यांच्या पुढचे का थांबायचं ते न कळताही थांबले. गालिच्याची अर्धी गुंडाळी धरून दोघं ओणवे राहिले. एक जण शिडीवर होता, हातोडी डोक्याच्या वर. सबंध ओळ गप्प झाली.

आकडा खाली आला. नऊ. सात. सहा. सहा.

सहा.

बाईंनी कागदाची घडी उघडली, आकडा पाहिला, काट्याकडे पाहिलं. कागदावर शेवटी चार होते, म्हणजे फरक दोनचा. त्यांनी पिशवीतून वही काढली, पेनाचं टोपण काढलं आणि लिहायला लागल्या. सावकाश, एकेक आकडा. मग त्याच्याखाली आणखी एक ओळ. मग आणखी एक.

"यांचा फोन नंबर सांगा," त्या विक्रीप्रमुखांना म्हणाल्या, मान वर न करता.

"माझा लिहा, मॅडम, मी…"

"यांचा."

विक्रीप्रमुखांनी खोकं खाली ठेवलं. त्यांना नंबर पाठ नव्हता. ते ओळीच्या मधोमध उभ्या असलेल्या दशांशबाईकडे वळले, ती सांगेल म्हणून. ती बाईंच्या पेनाकडे बघत होती.

शिडीवरच्या माणसाचा हात भरून आला होता. त्याने तो दुसऱ्या हाताने खालून धरला, पण खाली आणला नाही.

"ताई," सुतार हळूच म्हणाला, "ठोकू का आता?"

तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपला हात अजून वरच आहे.